परशराम पेंटरचा राग

कंग्राळीच्या परशराम पेंटरनं चाळीस वर्षं बेळगाव-निपाणी भागातल्या गावांच्या पाट्या रंगवल्या, मराठीतही आणि कन्नडमध्येही. आंदोलन पेटलं की कुठल्या तरी भाषेवर काळं फासलं जाई, आणि पुसून पुन्हा लिहायला यालाच बोलावणं येई. पुढं फ्लेक्स आले. परशराम घरी बसला.

मागल्या वर्षी बेंगळुरूहून नीलम नावाची चित्रकार आली. "अण्णा, बारा पाट्या हव्यात. दोन्ही भाषांत, हातानं लिहिलेल्या."

म्हाताऱ्यानं पंधरा दिवस जीव ओतला. 'सदलगा' गावाच्या पाटीवरचा ल तर तीनदा पुसून पुन्हा काढला.

बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका हॉलमध्ये पाट्या मांडल्या. प्रत्येकीपुढं जळक्या ऑइलचा डबा. नीलम लोकांना म्हणाली, "नुसतं बघू नका. वाटलं तर काळं फासा. तुम्ही जे कराल तीच कलाकृती." परशरामला हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी कुणी हललं नाही. मग एका मुलीनं हसत बोट बुडवलं. अर्ध्या तासात बाराही पाट्या काळ्या झाल्या. लोक शेजारी उभं राहून फोटो काढत होते.

परशराम उठला. "रस्त्यावर फासणाऱ्यांच्या पोटात राग तरी असतोय रं! तुमचं काय बिघडवलंय ह्या पाट्यांनी?" खांद्यावरच्या टॉवेलानं तो 'सदलगा' पुसू लागला. ऑइल आणखीच पसरलं.

हॉलभर टाळ्या पडल्या. नीलमचे डोळे भरून आले होते. "अण्णा, हेच तर पाहिजे होतं!"

"तोंड का उतरलंय?" घरी बायकोनं, मनुबाईनं विचारलं.

"टाळ्या वाजवल्या गं."

त्या प्रयोगाचं नाव झालं. दुसऱ्या शहरांतले चित्रकारही प्रेक्षकांच्या हाती काळं देऊ लागले. बेंगळुरूच्या प्रदर्शनाला नीलमनं परशरामला पाच दिवसांसाठी बोलावलं. पाट्या पुन्हा लिहायला मिळणार म्हणून तो गेला. भिंतीवरच्या कागदावर नीलमचं नाव मोठं होतं, खाली 'सहभाग: स्थानिक रहिवासी'.

पहिल्या दिवशी तो खरंच ओरडला. दुसऱ्या दिवशी नीलम हळूच म्हणाली, "अण्णा, जरा उशिरा उठा. आधी लोकांना फासू द्या." तिसऱ्या दिवशी राग आलाच नाही. तरी तो उठला, ओरडला, पुसू लागला. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तो कुणाला न सांगता बेळगावच्या गाडीत बसला. नीलमचे फोन त्यानं उचलले नाहीत. त्याच्या जागी तिनं नाटकातला एक माणूस उभा केला. तो, म्हणे, अगदी वेळेवर रागावतो.