नवरदेवाची गुलाबी लघवी

"मॅडम, मले किडनीचा कॅन्सर आहे. लग्न मोडा लागते आता," नितीन म्हणाला.

त्याच्या हातात नमुन्याची डबी होती. आतली लघवी चक्क लालसर गुलाबी. संध्याकाळी त्याचं लग्न होतं, अंगावरची हळदही उतरली नव्हती. शेजारी नवरी उभी, सोनल. तिनेच त्याला स्कूटीवर मागे बसवून आणलं होतं.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. तिथल्या बूढापारा भागात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब होती.

"तुले कोनं सांगितलं कॅन्सर?"

"मामानं. लाल म्हणजे रक्तच म्हणे."

"सकाळपासून रडून राहिला, ताई," सोनल म्हणाली. "मी म्हटलं, आधी टेस्ट कर, मग लग्न मोड."

लघवी लाल दिसली की पहिला प्रश्न, रक्त आहे का? नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये टाकला. हे मशीन नळी गरगर फिरवतं. रक्तपेशी असल्या तर त्या तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. नळी बाहेर काढली. तळाशी काहीच नाही, वर सगळं तसंच गुलाबी. रक्त ओळखणारी पट्टी निगेटिव्ह. मायक्रोस्कोपखालीही लाल पेशी नाहीत.

म्हणजे नुसता रंग. पण आला कुठून?

"बीट खाल्लं? काही औषध?"

"नाही."

"काल हळदीत काय खाल्लं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांची हळद एकाच हॉलवर झाली होती.

"गुलाबी बर्फी," नितीन म्हणाला. "जो येई तो तोंडात कोंबून राहिला होता."

"तुझ्याही?" मी सोनलला विचारलं.

"हव."

मी तिलाही डबी दिली. सकाळच्या धावपळीत तिने लक्षच दिलं नव्हतं. ती परतली तेव्हा हसू आवरत नव्हतं.

"ताई, मलेही कॅन्सर!"

नितीन त्या सकाळी पहिल्यांदा हसला. इतका की खुर्चीत बसला.

मी समजावलं. पोटात गेलेला रंग आतड्यातून रक्तात शिरतो. रक्त तो लिव्हरकडे नेतं. लिव्हर त्याची मोडतोड करतं, मग किडनी तो गाळून लघवीत टाकते. काही भाग पित्तावाटे शौचातून जातो. "किडनी बिघडली नाही तुझी, कामाला लागली आहे." खात्रीसाठी दोघांची रक्ततपासणी केली. नॉर्मल.

"मग बर्फी चालते?" नितीनने विचारलं.

"मुळीच नाही. बाहेर पडलं तेवढं दिसलं. हा रंग आत काय करून गेला, ते लघवीत दिसत नाही."

सोनलचा चेहरा उतरला. तीच बर्फी संध्याकाळी वऱ्हाडाला वाढायची होती. तिने माझ्याच फोनवरून आईला गाठलं.

"आई, गुलाबी बर्फी वाढू नको! काहून म्हणजे? जावयाले रंग चढला!"

पलीकडे बराच आरडाओरडा झाला. शेवटी फोन मी घेतला. "मावशी, पोट्टा एकदम ठणठणीत आहे. बर्फी तेवढी फेका. दोन तुकडे माझ्याकडे पाठवा."

ते तुकडे फूड विभागाच्या लॅबला दिले. नंतर अहवाल आला, बर्फीत रोडामाईन, कपडे रंगवायचा विषारी रंग. हलवायावर कारवाई झाली.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. मीही जेवून आले. मावशींनी ऐनवेळी केलेला शिरा दोनदा घेतला.

नवी जोडपी आधी देवदर्शनाला जातात. हे दोघं आधी लॅबवर आले, हातात दोन डब्या. दोन्ही नमुने स्वच्छ, फिकट पिवळे. माझ्या लॅबमध्ये लघवी पाहून टाळ्या पडल्या, त्या तेवढ्याच.

लाल लघवी दिसली तर तपासणी करायचीच. पण 'काय खाल्लं?' हेही विचारावं. त्याला मशीन लागत नाही.