पांगाऱ्याची उशी

फाल्गुनात गल्लीत पिंजणाचा आवाज आला, तसा मी थट्टेचं वाक्य जुळवूनच ओट्यावर आलो. पाहतो तो करीमभाई नव्हे, त्यांचा थोरला मुलगा उभा. "अब्बा गेले मास्तर, मागच्या महिन्यात," तो म्हणाला. मी त्याला ओट्यावर बसवून घेतलं.

मंगरूळपीरचे करीमभाई पिंजारी दर वर्षी गाद्या भरायला आमच्या किन्हीराजात यायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलं, तेव्हा आंदणात सावरीच्या कापसाच्या उशा देईन, असं मी व्याह्यांना ऐटीत सांगून बसलो. डोंगरवाटेवरचं एक काटेरी खोडाचं, बिनपानांचं, लालभडक झाड मी हेरून ठेवलं होतं ना! करीमभाईंना घेऊन निघालो. पळस फुलला होता, चारोळीला मोहोर होता, मोहाखाली पाचोळा वाजत होता, आणि मी शाळामास्तर एकेकाचं नाव सांगत पुढे. ते मुकाट ऐकत होते. झाडाखाली त्यांनी एक फूल उचललं, त्याची नखासारखी वाकडी पाकळी पाहिली आणि पोट धरून खालीच बसले.

"हा पांगारा हाय मास्तर. याले कापूस येत नाई. याच्या उशीवर पोरगी नाई, मैनाच निजन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याह्यांना आता काय तोंड दाखवू? करीमभाईंनी डोळे पुसले. "पोरीच्या बापानं सबद देल्ला ना? मंग चाला वर."

उरलेला चढ ते पुढे, मी मागे. माथ्याजवळ सावर भेटली, जाडजूड फुलांनी लगडलेली. वर पाखरांची भांडणं चालली होती. एक फूल धपकन माझ्या टोपीवर पडलं आणि मग मीही हसत सुटलो. इतका मोकळा मी त्याआधी कधी हसलो नव्हतो. चैत्र सरता बोंडं उकलली, लेकीच्या उशा वेळेवर झाल्या. उरलेल्या कापसाची एक करीमभाईंनी माझ्यासाठी केली, तिच्या कोपऱ्यात चिंधीत बांधलेल्या सावरीच्या बियांची गाठ ठेवून. काहून ठेवली, विचारलं तर म्हणाले, टोचली म्हंजे पांगारा याद येईन. पुढे दर फाल्गुनात ते दारातून ओरडायचे, पांगाऱ्याले कापूस आला काय मास्तर!

परवा त्यांचा मुलगा आला, तेव्हा बायकोनं तीच उशी त्याच्यापुढे टाकली, नव्यानं भरायला. त्यानं कोपरा चाचपला.

"आत काहीतरी राह्यलं हाय मास्तर. काढू?"

"राहू दे. तुझ्या अब्बानं ठेवलंय," मी म्हणालो, आणि पांगाऱ्याची सगळी हकिकत सांगितली. तो खूप हसला. मग शिवण न उसवताच, कापूस फुगावा म्हणून त्यानं उशी उन्हात ठेवली.