पाय दाव आदी

बसा गं बायांनो, चहा उकळस्तवर एक सांगते. पर बोली एकच, ऐकताना कुनी उंबऱ्याकडं बगायचं न्हाई. बगितलंत ना लगेच? हेच म्हनत व्हते मी!

माज्या अंगात लहानपनापासून किडा. भावाच्या पाटीवर चार अक्षरं शिकले तेवढीच, पर खोड्या मात्र पुऱ्या शिकले. कुनाची चप्पल लपव, कुनाच्या ताकात मिरची टाक. अशी मी एकदा माज्याच खोडीत अशी घावले, अशी घावले, की आजूनबी भर दुपारी गल्ली सुनी दिसली तर मी आल्या वाटंनं माघारी फिरते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बीडात पेठेत आमचं घर. घरात तिघंच. आमचे हे, कापडं शिवायचे. मी. आन् सासू. सासूला मी आत्याबाई म्हनायची.

आत्याबाईला मिश्रीचं लई याड. पितळेची इवलीशी डबी व्हती, त्येंच्या आईनं दिलेली. दाताला मिश्री लागल्याबिगर त्या कोंबड्यालाबी आरवू द्यायच्या न्हाईत. मला काय बुद्धी झाली, एक दिवस डबी उचलली आन् तुरीच्या डाळीच्या मडक्यात खोल पुरून ठिवली. संध्याकाळी काढून द्यायची, हसायचं, संपलं. येवढंच मनात.

तर आत्याबाई फिरल्या माज्यावर.

"डबी तूच घेतलीस."

"देवाशपथ न्हाई!"

बगा, शपथ सुटली तोंडातून. आता काढून कशी द्यावी?

"खोटारडे! आता तुज्या तोंडाकडं बगनार न्हाई मी!"

त्याच दिवशी निजामाच्या बड्या अंमलदाराच्या, तालुकदारसायबाच्या वाड्यातून सांगावा आला. सायब दौऱ्याला निघनार, बेगमसाब संगं जानार, त्येंच्या दिमतीला एक बाई पायजे. ह्ये म्हनले जा, चार पैसे येतील. मी गेले. निघताना पाया पडायला वाकले तर आत्याबाई भिताडाकडं तोंड करून बसलेल्या. कुंकूसुदिक लावलं न्हाई मला.

दिवाळी होऊन निगालो ते शिमगा सरला तरी फिरतच. आज तेलगावाला तंबू, मंग नांदूरघाट, मंग आनखी कुटं. तंबू कुटं ठोकतील त्येचा नेम न्हाई. कदी आमराई, कदी वढ्याचा काठ, आन् एकदा सकाळी उठून बगते तर शेजारी मसनवटा! पाऊल टाकायच्या आदी पहाऱ्याचा शिपाई वरडायचा, "हुश्शार!" म्हंजे साप-इच्चू, तरस, जे काय आसंल ते बाजूला व्हावं. ती सवय मलाबी लागली. धुळीसाठी डोईवरून पांढरी चादर घ्यायची, तीबी सवय लागली. बेगमसाबनं कानामागं अत्तराचा बोळा दिला, ती तर लईच लागली.

पर बायांनो, रानातली ती शांतता! मला आमच्या पेठेचा कालवा आठवायचा. तेल्याचा घाना करकरायचा, आडावर बाया भांडायच्या, आत्याबाई शिव्या द्यायच्या. त्या शिव्यांसाठीसुदिक जीव तुटायचा. वाटायचं, जावं, डबी काढून हातात द्यावी आन् पाय धरावे.

शिरूरला डेरा पडलेला तवाची गोष्ट. मी न्हाऊन केस वाळवत बसले व्हते. कुटनं तरी एक कावळा आला आन् फाडदिशी माज्या टाळूवर चोच मारून गेला!

भटारखान्यातल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "आगं बया! कावळा शिवला! आता मरान टाळायचं तर घरी मेल्याची खबर धाड. घरची रडली, की गंडांतर टळलं. मंग खरं सांगायचं."

ह्ये तुमालाबी ठावं हाय. आपल्याकडं करतेतच. पर सरळ करंल ती गोदी कसली? आमच्या पेठेतला चांदभाई फळं विकायला डेऱ्यावर यायचा, तो त्याच दिवशी बीडाला परत निघाला व्हता. त्याला म्हनलं, "चांदभाई, नुसतं मेली म्हनू नगा. आत्याबाई इश्वास ठिवनार न्हाईत. म्हना, पटकी झाली, तितंच उरकलं. आन् मरता मरता म्हनली, आत्याबाईची डबी म्याच लपवली, डाळीच्या मडक्यात हाय, मला माफ करा. पोटभर रडू द्या त्येन्ला. मंग पानी पाजा आन् सांगा, कावळा शिवला व्हता म्हनून."

बगा कशी हुशारी! गंडांतरबी टळंल, डबीबी देऊन व्हईल आन् मला समोर उबं राहून कबूल करायचीबी गरज न्हाई. एका दगडात किती पाखरं! चांदभाईनं मान हलवली आन् गाढव हाकललं.

पुढं लौकरच दौरा सरला. बेगमसाबनं लुगडं दिलं, आन् एका गाडीवानानं मला भर दुपारच्या उन्हात पेठेच्या तोंडाशी उतरवलं.

मी गल्लीत शिरले. आन् थांबले.

गल्लीत कुनी न्हाई.

म्हंजे कुनीच न्हाई! दारं उगडी. तेल्याचा बैल घान्याला जुपलेला, पर उबा. आडावर घागर अर्धी भरलेली, दोर लोंबतोय. एका घरात चुलीवर कायतरी रटरटत व्हतं आन् चुलीपाशी मानूस न्हाई. हाक मारली तर माजीच हाक भिताडाला लागून परत आली. येवढा कालवा मनात घेऊन आलेली मी, आन् पेठ जनू कुनी तोंडात बोळा कोंबून निजवलेली.

आमचा मोती कुत्रा कोपऱ्यात व्हता. म्हनलं, "मोत्या, ये!" रोज अंगावर उड्या घेनारा मोत्या, त्यानं नाक वर करून वास घेतला, शेपूट पोटात घातलं आन् घशातल्या घशात आसा आवाज काढला, की मी दोन पावलं मागं सरले.

तेवढ्यात शेजारच्या पडवीतनं आवाज आला. "आलीस का गं गोदे?"

सखूआजी! पायानं अधू, बाजंवरच आसायची. मला लई हायसं वाटलं. "आले आजी. समदे कुटं गेलेत?"

"नदीला." आजी माज्याकडं अशी बगत व्हती, जशी आपन दिव्याकडं बगतो, डोळे बारीक करून. "तुजीच वाट बगायलेत तिकडं."

"माजी? कावून?"

"कावळा शिवंना गं. कवाचा भात मांडलाय. काव काव करतोय आन् वर फांदीवरच बसतोय. जीव अडकलाय म्हनतेत. ते ऐकून समदी हातातलं टाकून तिकडं पळाली."

"कुनाचा जीव? आजी, आमच्या घरातलं कोन गेलं?"

आजी हसली. दात एकबी नव्हता. "बिचारी. तिला अजून उमगलंच न्हाई."

मी पुढं झाले तर आजीनं गोधडी नाकापतुर वढली. "लांबनं बोल बाई! मला न्यायला आली आसशील तर आज नगं. नातसुनंनं खीर केलीय. उद्या ये."

आता तुमी म्हनाल, गोदे, येवढं झाल्यावर तरी टकुरं चालवायचं! पर भेदरलेल्या मानसाचं टकुरं चालतंय व्हय? मला वाटलं म्हातारीला भरम झालाय. मी तडक घराकडं पळाले.

दार उगडंच. आत अंधार. उंबऱ्यावर पाय ठिवायच्या आदी तोंडातनं सवयीनं निगालं, "हुश्शार!" घरात घुमलं ते. आन् माज्याच आवाजाला मी दचकले.

मधल्या घरात भुईवर टोपली पालथी घातलेली. टोपलीच्या फटींतनं आत दिवा मिनमिनत व्हता. भर दुपारी.

तुमाला ठावं हाय ते कशाला आसतंय. मेलेल्या मानसाचं पाऊल पिठावर उमटतंय का बगायला. मी टोपली उचलली. पसरलेलं पीठ, मधी दिवा, पान्याचा तांब्या.

आन् तांब्याशेजारी, पितळेची इवलीशी डबी. आत्याबाईची.

मेलेल्याची आवडती वस्तू दिव्यापाशी ठिवतात ना? मंग! आत्याबाई गेल्या! मी चादरीसगट तिथंच पिठात कोसळले. आन् जीव कशात अडकला ते तर उगडं दिसत व्हतं. डबीत! मी लपवलेल्या डबीत! चांदभाई पोचायच्या आदीच गेल्या का? मिश्रीबिगर गेल्या का? भिताडाकडं तोंड केलेलं तेच शेवटचं बगनं?

केस सुटले, कपाळ पिठानं माखलं, आन् मी भुईवर हात आपटून गळा काढला, "आत्याबाई ऽऽ! मला सोडून कुटं गेलात वो ऽऽ! येक डाव माज्याकडं बगा वो ऽऽ!"

आन् दारात आत्याबाई येऊन उब्या राहिल्या.

वल्ल्या लुगड्यात. केसांतनं पानी गळतंय. डोळे लाल. माज्याकडं टक लावून.

मी किंचाळले. त्याबी किंचाळल्या. त्येंच्या मागं समदी पेठ उबी, ती किंचाळली. कुनाच्या तरी हातातलं ताट पडलं आन् खडखड करत गल्लीभर फिरलं. बगता बगता तिथं आमी दोगीच उरलो. एक मेलेली सून आन् एक मेलेली सासू. एकमेकीला भिऊन भिताडाला चिकटलेल्या.

"गोदे, तू मेलीस!"

"तुमी मेलात!"

"मी कशाला मरू? तूच मेलीस! तुजं दहावं करून आले मी!"

"मंग ह्यो दिवा कुनाचा?"

"तुजा!"

"न्हाई, तुमचा!"

आत्याबाईनं कोपऱ्यातला खराटा उचलला आन् लांबनंच माज्या पदराला लावला. "पाय दाव आदी!"

"तुमीच दावा आदी!"

भुताचे पाय उलटे. ह्ये तर शेंबड्या पोरालाबी ठावं. मंग काय, आमी दोगींनी नेसूचं घोट्यावर धरलं आन् वाकून वाकून एकमेकीचे पाय बगितले. त्येंचे सरळ. माजेबी सरळ. पिठातनं भिताडापतुर उमटलेली माजी पावलंबी सरळ, बोटं म्होरं. आत्याबाईनं ती चार डाव तपासली.

मंग खराटा पडला. आन् बाई, आत्याबाईनं मला अशी मिठी मारली, की श्वास अडकून खरीच मेले आसते. "माजी पोर! माजी लेक!" म्हनून रडल्या. मी रडले. दाराआडनं एक मानूस डोकावलं. मी वळखलंच न्हाई. वरचा ओठ नुसता अंड्यावानी. ते आमचे हे! माज्या नावानं मिशी उतरवलेली! मी मेल्याचं दुख त्येन्ला किती झालं देव जाने, पर मी जित्ती बगून त्येंचा हात आदी ओठावर गेला. येवढं मला दिसलं.

"चांदभाईनं सांगितलं न्हाई?" मी हुंदके देत इचारलं. "कावळा शिवला व्हता. खबर खोटी व्हती."

दोगांनीबी माना हलवल्या, न्हाई म्हनून.

चांदभाई मला पुढं बाजारात घावला. म्हनला, "बहन, मैं क्या करता? तेरी सासनं मडक्यातनं डबी काढली, छातीला लावली, आन् आख्खी गल्ली ऐसा रोयी, ऐसा रोयी, मेरेकू बी रोना आया. मंग झूट हाय बोलता तो उसीच दिन मेरा बी जनाजा निकालते थे लोगां!"

म्हंजे बगा. साधं 'मेली' म्हनून धाडलं आसतं तर पेठेनं म्हनलं आसतं, गोदीची खोडी, कावळा शिवला आसंल. डबीमुळं समद्यांचा इश्वास बसला. मरता मरता मानूस खोटं बोलत न्हाई, म्हनले.

डबी! त्या मिठीतच आत्याबाईलाबी ती आठवली. माज्या पाठीवरनं फिरनारा हात थांबला.

"गोदे. म्हंजे डबी तूच लपवली व्हतीस."

"आत्याबाई, तुमी माफ केलं ना? आजी म्हनत व्हती, नदीवर कावळ्यापुढं..." खरं तर आजी आसं काय बोललीच नव्हती, पर सुचलं.

"केलं की. समद्या पेठेदेखत हात जोडून म्हनलं, जा पोरी, डबीचं माफ." त्या वाकल्या आन् खराटा परत उचलला. "पर ते मेलेलीला. जितीला कुटं केलंय?"

पुढचं सांगत न्हाई. पेठेनं मात्र कालव्याची हौस फेडली. आन् मला परतून पेठेत मिसळायला किती दिवस लागले म्हनता! आडावर बाया घागर सोडायच्या आदी माजे पाय बगायच्या. वान्यानं तर मूठभर शेंगदाने हातावर न देता वट्यावर ठिवले आन् चार पावलं मागं सरला. कावळा शिवलेली मी, पर पळायची ती समदी पेठ.

आत्याबाई पुढं लई वरसांनी गेल्या, खऱ्या. जितीला माफी काय मिळाली न्हाई. डबी मात्र मला देऊन गेल्या. ती बगा, त्या कोनाड्यात आसती.

आसती, म्हंजे आसायची. परवा सकाळी बगितलं तर कोनाडा रिकामा. समदं घर पालथं घातलं. शेवटी कुटं घावली सांगू? डाळीच्या मडक्यात. खोल.

सुनंला इचारलं तर ती म्हनली, "देवाशपथ, मी न्हाई ठिवली!"

शपथ ऐकली मातर, बायांनो! मी वाकले आन् आदी तिचे पाय बगितले.

सरळ व्हते. मंग डबी पुरली कुनी? म्हनून तर मला झोप न्हाई.