मुद्देमाल : एक पिशवी निर्माल्य

ते प्रकरण मी विसरलेले नाही आणि त्याचं कारण साधं आहे. एका निर्दोष माणसाच्या अटकेला फक्त माझी सही बाकी होती.

मी तेव्हा अकोल्यात एका ठाण्याची पोलीस निरीक्षक होते. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता बोलायला मोकळी आहे. तरी कुणाचं नाव इथे घालणार नाही. वऱ्हाडातली ती वर्षं अशी होती, की ठाण्यातलं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर डिसेंबर उजाडायच्या आधीच भरायचं आणि नवीन मागवावं लागायचं. त्यामुळे खत, बियाणं, फवारणीचं औषध यात कुठे खोट निघाली, की वरून एकच आदेश यायचा : ताबडतोब अटक दाखवा. आदेश चुकीचा नव्हता. पण घाईत धरलेला माणूस सोडताना पोलिसांना लाज वाटते, आणि लाज टाळायला आम्ही केस ओढत नेतो. हे मी आमच्याच खात्याबद्दल सांगते आहे.

सुरुवात एका फोनने झाली. अकोल्याआधी मी वरुडला होते. शेंदूरजनाघाटला कृषी केंद्र चालवणारे एक चाचा तेव्हापासून ओळखीचे. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला.

"मॅडम, संत्र्याच्या झाडाले द्यायचं झिंक आलं हाय. थे झिंक नाई, राखड हाय. पाण्यात टाकलं तं अर्धं खाली बसून राहिलं."

"मग कृषी खात्याला कळवा, चाचा. मी अकोल्यात आहे आता."

"कळवलं नं. थे दुसरा नमुना तपासाले पाठवून राहिले. पण पहिला रिपोर्ट पास हाय म्हन्तात, अन् थो अकोल्याच्या लॅबचा हाय. म्हणून तं तुमाले सांगून राहिलो."

"तुम्ही विकलं का ते?"

"मी काहून विकीन? मले याच गावात मरायचं हाय."

खताचा नमुना घेताना कृषी खात्याचा निरीक्षक त्याचे तीन सीलबंद भाग करतो. पहिला भाग अकोल्याच्या प्रयोगशाळेत पास झाला होता. दुसरा भाग दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि साफ नापास होऊन आला. झिंक जेमतेम निम्मं. खात्याने विक्री थांबवली, गोदामाला सील ठोकलं, आणि पासचा अहवाल देणाऱ्या केमिस्टविरुद्ध माझ्या ठाण्यात फिर्याद दाखल झाली.

ज्या मशीनवर नमुना तपासला, त्याला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. विरघळवलेलं खत ज्योतीत उडवायचं, त्यातून प्रकाश सोडायचा, आणि किती प्रकाश शोषला गेला त्यावरून त्यात झिंक किती ते संगणक सांगतो. मी माझ्यापुरतं समजून घेतलं, की हा एक तराजू आहे. आणि या तराजूला कुणीतरी पासंग लावून ठेवला होता. संगणकातच त्याची नोंद होती. दसऱ्याच्या दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी मोजणीचा आधार, म्हणजे किती प्रकाशाला किती झिंक धरायचं ते, बदलला गेला. दुसऱ्या दिवशी आमचा नमुना वाचला गेला. त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आधार पुन्हा होता तसा केला गेला. दोन्ही वेळा नाव केमिस्टचं. दसऱ्याला प्रयोगशाळा बंद होती, तरी हजेरीपटावर एक सही होती. आत दोन वाजता, बाहेर साडेचारला. ती सहीही केमिस्टचीच.

आणखी काय हवं? मी त्याला चौकशीला बोलावलं.

माणूस पन्नाशीचा, अकोल्यातल्या एका मुस्लिम घरातला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हा स्वतःही तसाच, प्रत्येक उत्तर द्यायच्या आधी चष्मा काढून पुसणारा.

"सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये काय काम होतं?"

"एसी पाहायचा होता, मॅडम. खोली तापली तर मशीन बिघडते. सुट्टीत आम्ही पाळीने येतो. दसऱ्याची पाळी मी मागून घेतो, ईदची हे लोक सांभाळतात."

"मशीनला हात लावला?"

"नाही. पूजा झाली होती नं आदल्या दिवशी."

माझे हवालदार तेवीस वर्षं नोकरी झालेले, तोंडाने तिखट. ते म्हणाले, "तुमाले काय पूजेचं?"

"हार मीच आणतो, हवालदारसाहेब. या लोकायले फूलवाल्याशी भाव करता येत नाही."

हवालदार हसले. मी हसले नाही.

"दसऱ्यानंतर काम सुरू करायच्या आधी मशीन तपासली होती? झिंक किती ते आधीच माहीत असलेलं प्रमाण द्रावण घालून? तसा नियम आहे ना?"

"तपासली." त्याने चष्मा पुसला नाही. टेबलाकडे पाहिलं.

तोच प्रश्न मी आणखी दोनदा विचारला. दोन्ही वेळा "तपासली", आणि प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा खाली. समोरचा खोटं बोलतो आहे हे ओळखायला मला निरीक्षक असण्याची गरज नव्हती. मी मनात केस बंद केली. तो घरी निघाला तेव्हा जिन्यात थांबून त्याने हवालदारांना विचारलं, की उद्या येताना घरून काय काय आणावं लागतं. त्याची बायको शाळेत शिकवते, तिला शाळेत पोलीस जाऊन सांगतील की त्यानेच सांगायचं, हेही विचारलं.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला, "उद्या दुपारपर्यंत अटक दाखवा." फॉर्म भरून टेबलावर होता.

"सही करून टाका मॅडम," हवालदार म्हणाले, "पुढचं कोर्ट पाहीन."

मी केली नाही. अंतर्मन वगैरे काही नाही. माझा एक नेम होता : मुद्देमाल आधी ताब्यात, माणूस नंतर. संगणक अजून जप्त व्हायचा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही प्रयोगशाळेत गेलो. हवालदारांनी की-बोर्ड उचलून उलटा केला तर टेबलावर लाल-पिवळी पूड पडली. बटणांच्या फटीत हळद-कुंकू वाळून बसलं होतं. खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होते. बंदुका मांडून हार घातले, की बंदोबस्ताची गरज पडल्याशिवाय दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावत नाही. नवीन फौजदारालाही हे सांगावं लागत नाही.

मी विचारलं, "पूजा कुणी केली होती?"

"म्या," झाडलोट करणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या. "साहेब लोक नुसते नारळ फोडतात. बाकी सारं मीच करते."

"काय काय केलं, नीट सांगा."

"टीव्हीले हार घातला. की-बोर्ड अन् थो उंदीर, दोन्ही एकावर एक ठेवून लाल नाड्यानं बांधले. बांधले म्हणजे गच्च. गाठीवर ओली हळद लावली."

"माऊस म्हणतात त्याले, मावशी," हवालदार म्हणाले.

"तेच थे. गणपतीचं वाहन, म्हणून त्याले हळद जास्त लावली."

"आणि सोडलं कुणी?"

"मीच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सारे उभे होते. गाठ सुटेच ना, हळद वाळून दगड झालती. कात्रीनं कापला नाडा."

"तो नाडा कुठे आहे?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारते आहे की देव कुठे ठेवला. "निर्माल्य कचऱ्यात टाकत असते का कोणी? पिशवीत हाय. कार्तिक पुनवेले मोर्णा नदीवर दिवे सोडाले जाईन, तवा सोडीन."

पिशवी मोरीच्या वरच्या फळीवर होती. वाळलेला झेंडू, आपट्याची पानं, नारळाची शेंडी, आणि तळाशी लाल नाडा, एका ठिकाणी कापलेला. गाठ जशीच्या तशी, वर हळदीचा वाळलेला थर, कुठेही तडा नाही. पंचनाम्यात काय लिहावं हे आमच्या लेखनिकाला सुचेना. मी म्हटलं, "लिहा, एक प्लास्टिकची पिशवी, त्यात निर्माल्य." पंचांपैकी एकाने पिशवीला हात लावायच्या आधी चपला काढल्या.

हवालदारांनी शंका काढलीच. "दुसरा की-बोर्ड आणून जोडला असन तं?"

शंका बरोबर होती. गाठीने काही सिद्ध होत नव्हतं. पण ज्या की-बोर्डवरून आधार बदलला असं आम्ही गृहीत धरलं होतं, तो दसऱ्याच्या दुपारी बांधलेला होता. एवढ्यावर सही करणं मला शक्य नव्हतं.

मी केमिस्टला तिथेच बाजूला घेतलं. "पूजेचं तुम्ही खरं बोललात. मग तपासणीचं खोटं का?"

या वेळी त्याने चष्मा काढला. "रोज सकाळी करायची असते, मॅडम. आम्ही सोमवारीच करतो. नमुन्यांचे ढीग लागले आहेत, माणसं तीन. त्या दिवशी मी तपासली असती तर खोट तिथेच सापडली असती. हे सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"आणि न सांगता तुरुंगात निघाला होता."

"ते नंतर कळलं," तो म्हणाला.

मग मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सरळ विचारलं, हात न लावता हे बदलता येतं का? उत्तर मावशींनी दिलं.

"येते नं. कंपनीचा माणूस पुण्याहून करते. मशीन बंद पडली की साहेब फोन लावतात, अन् पडद्यावरचा बाण आपोआप फिरते. पहिल्या बारी पाहिलं तं मी झाडू टाकून पळाली."

तेव्हा प्रमुखांनी सगळं सांगितलं. मशीनचा दोष दुरून पाहता यावा म्हणून इंटरनेटवरून आत शिरायची सोय होती. नियम असा, की गरज पडली तरच ती उघडायची, दर वेळी नवा पासवर्ड द्यायचा, काम झालं की बंद करायची. पण लाइट जायची, लाइन तुटायची, पुन्हा पुन्हा फोनवर पासवर्ड ओरडून सांगावा लागायचा. शेवटी त्यांनी कायमचा एकच पासवर्ड ठेवला, संगणक चोवीस तास चालू ठेवला, आणि पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्करने लिहिला. मशीनचा प्रोग्रॅमही सगळे केमिस्टच्याच नावाने उघडायचे, कारण मशीन बसवली त्या दिवशी तेच नाव घातलं होतं. दाराला दोन कुलपं होती, रजिस्टर होतं, पाळ्या होत्या. मागची भिंतच नव्हती, आणि ती नाही हे कुणाला दिसत नव्हतं.

आमच्या सायबर कक्षाने संगणक उघडला. दुरून आत येणाऱ्याची नोंद तो प्रोग्रॅम वेगळी ठेवत होता. दसऱ्याच्या दुपारी तीन पाच ते तीन एकवीस कुणीतरी आत होतं. त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीतही तेच. मशीनच्या कंपनीने आधी "आमची व्यवस्था सुरक्षित आहे" असं पत्र पाठवलं. मी तेच पत्र परत पाठवून खाली विचारलं, की नोंदीत दिसणाऱ्या या क्रमांकाचा लॅपटॉप कुणाचा? दुसरं उत्तर चार ओळींचं आलं. तो त्यांच्या एका माजी इंजिनीअरचा होता. त्यानेच ही मशीन बसवली होती, वर्षभरापूर्वी नोकरी सोडली होती, आणि आता ते नापास झिंक बनवणाऱ्या खतवाल्याचा तांत्रिक सल्लागार होता. ब्रॉडबँड कार्यालयाने पत्ता दिला, बडनेऱ्याचा.

आम्ही गेलो तेव्हा तो जेवत होता. मी जेवण पूर्ण करू दिलं. लॅपटॉप समोरच होता, त्यातल्या नोंदी आमच्याकडच्या वेळांशी जुळल्या, आणि जुळल्यावर तो फारसा झगडला नाही. हुशार माणसं बहुधा झगडत नाहीत, समजावून सांगतात.

"दसराच का निवडला?" मी विचारलं.

"मी त्यांच्याकडे दोनदा पूजेला गेलो होतो, मॅडम. त्या दिवशी मशीनला कुणीच हात लावत नाही. एरवी कुणी समोर बसलेलं असतं तर बाण फिरताना दिसला असता."

"कुणीच हात लावत नाही," मी म्हटलं. "म्हणूनच सापडलात."

हवालदारांनी बेड्या काढल्या. सही मी तिथेच केली, दुसऱ्या फॉर्मवर.

केमिस्टला ठाण्यात बोलावून सांगितलं. तो छोटी बॅग घेऊनच आला होता, टॉवेल आणि साबण घातलेली. ऐकून त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "बाहेर जाऊन शाळेत फोन करू का?" मी म्हटलं, इथूनच करा. बायकोशी तो तीनच शब्द बोलला, "घरी येतो आहे." माझ्याही खांद्यावरचं काहीतरी उतरलं, हे लपवायचं कारण नाही. त्याला खात्याची लेखी ताकीद मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. सील केलेला माल बागांपर्यंत पोचलाच नाही. चाचांनी संत्र्यांची पेटी पाठवली. मी परत केली आणि फोनवर दोन शब्द ऐकून घेतले.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि पुढच्या नोकरीत ती रोज उपयोगी पडली. लपवणारा आणि गुन्हेगार यांचे चेहरे चौकशीत सारखेच दिसतात. दोघांचा आवाज खाली जातो, दोघं टेबलाकडे पाहतात. माणूस काहीतरी लपवतो आहे हे कळलं, की आमचं अर्धं काम झालं असं आम्हाला वाटतं. तिथे ते फक्त सुरू होतं. तो नेमकं काय लपवतो आहे, हे विचारायचं राहिलं असतं, तर माझ्या हातून एक घर उद्ध्वस्त झालं असतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला प्रयोगशाळेतून प्रसादाला बोलावणं आलं. गेले. टीव्हीला हार, की-बोर्ड आणि उंदीर नाड्याने बांधलेले. शेजारी ताटात एक निळी वायर गुंडाळून ठेवलेली, तिच्यावर कुंकवाचं बोट.

"हे काय, मावशी?"

"इंटरनेट," मावशी म्हणाल्या. "आता काम असलं तरच लावतात. आज काढून पूजेत ठेवलं. त्यालेबी सुट्टी पाहिजे नं."

केमिस्ट मागे उभा होता. "आज सकाळी तपासूनच मग बांधली, मॅडम," तो म्हणाला, आणि मी न मागता रजिस्टर उघडून पुढे केलं. रोजच्या सह्या होत्या, एकही दिवस न चुकता.