छाटलेले कोपरे

"एवढं बटण लावून दे," साहेब म्हणाले आणि अंगातला कोट काढून माझ्या उघड्या फाइलवर टाकला. माझी सगळी चित्रं त्याखाली गेली.

म्हैसूरला लागून हूटगळ्ळी, तिथली कपड्यांची कंपनी. डिझायनरच्या जागेसाठी मुलाखत. साहेब पुण्याचे. माझं मराठी ऐकून आधीच हसले होते. "गमतीशीर बोलता हो तुम्ही!" मीही हसले. नोकरी हवी होती.

मग त्यांनी फाइलमधली ब्लाउजची कागदी कटिंगं पाहिली.

"ही कुणी कापली?"

"मी."

खोटं. अप्पांनी कापली होती.

"वडील काय करतात?"

"बिझनेस."

"शिंपी आहेत का?"

"नाही, नाही."

मी दोनदा म्हणाले. एकदा म्हटलं तरी भागलं असतं.

"हात मात्र शिंप्याचाच दिसतो तुझा." तुम्हीचं तू झालं, आणि कोट आला. पर्समध्ये सुईदोरा असतोच, घरची सवय. मी बटण लावलं. चांगलं घट्ट लावलं. त्यांनी कोट घातला. "कळवू," म्हणाले. एकाही चित्राबद्दल विचारलं नाही.

गेटबाहेर अप्पा स्कूटरवर बसून होते, दुकान बंद ठेवून आलेले. "चेन्नागि झालं, अल्वा पुट्टी?" चांगलं झालं ना, पोरी? मी मान डोलावली.

अप्पा कटिंग कापण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात 'विठ्ठल' लिहितात. खाली जिचं माप, तिचं नाव. आदल्या दिवशी मी ते सगळे कोपरे छाटले होते. कंपनीत गावठी दिसेल म्हणून. घाईत हाती लागली ती कापडाची कात्री. कागदाला लावली की तिची धार जाते, हे आमच्या घरात रांगत्या पोरालाही कळतं.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती कात्री गिऱ्हाइकाच्या रेशमावर अडली. अप्पांनी धारेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. मग मशीनखाली वाकले. कोपऱ्यांचे कपटे एकेक वेचले, कपाळाला लावले, ड्रॉवरमध्ये ठेवले. "इरली बिडु," एवढंच म्हणाले. असू दे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. "डिझायनरचं जमणार नाही. सॅम्पल शिवायला ये. हात चांगला आहे तुझा."

समोर अप्पा काजं करत बसले होते. मी मोठ्यानं बोलले, आमच्या घरच्याच मराठीत. "मी येत नाही, सर. ते कटिंग मी कापलेलं नव्हे. आमच्या अप्पांनी कापलेलं. अप्पा शिंपी आहेत. मी तुम्हाला खोटं सांगितले."

अप्पांची सुई थांबली. वर पाहिलं नाही त्यांनी.

तेवढ्यानं माझं पाप फिटलं असं मी मानत नाही. नवी फाइल केली आहे. पहिल्या पानावर अप्पांचं कटिंग, कोपऱ्यासकट, खाली अप्पांचं नाव. माझी चित्रं त्यानंतर. ज्याला ती बघायची असतील त्यानं आधी ते पान बघावं. आणि आपला कोट अंगातच ठेवावा.