सुट्टीपुरती गोळी

आमच्या ह्यांना खाणीवर सगळे ‘उंट’ म्हणायचे, आणि ह्यांना त्याचं कौतुक. अख्खी पाळी डंपर चालवायचा, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, एकदाही खाली उतरायचं नाही, म्हणून उंट. घरी आले की पोरांसमोर फुशारकी मारायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खाण जगाच्या टोकाला. महिनाभर तिकडे राहायचं, मग थोडे दिवस सुट्टी. तिकडे पत्र्याच्या खोल्या आणि एक मेस. जेवण खारट, तेलकट, पण हवं तेवढं. खायचं आणि पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसायचं. डंपर एवढा उंच की शिडीने चढावं लागतं, आणि संडास पार वर, ऑफिसपाशी. एक जण उतरला की मागे गाड्यांची रांग लागते. मग सुपरवायझर रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, “काय साहेब, पोट बिघडलं का?” सगळे खिदळतात. कोण उतरेल?

अशा माणसाला ब्लडप्रेशर निघालं. इथल्या डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी दिली. सुट्टीत हे ती नेमाने घ्यायचे. मीच चहाबरोबर हातावर ठेवायची. कामावर परत गेले की गेटवर प्रेशर मोजायचे, ते अगदी बरोबर भरायचं. फिट, जा आत. मीही निवांत होते.

मग एका सुट्टीत ह्यांची बॅग धुवायला काढली. तळाशी, मोज्यांत कोंबलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. एकही फोडलेली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे जेवत होते, तिथेच ताटाशेजारी त्या आपटल्या.

“हे काय आहे?”

आधी ह्यांनी पट्ट्या ताटापासून बाजूला सारल्या. मग म्हणाले, “अगं, ती गोळी घेतली की सारखी लघवीला लागते. गाडीतून उतरू कसा?”

“मग डॉक्टरांना सांगा.”

“काय सांगू? मला लघवी लागते म्हणून?”

“हो, तेच सांगा. आणि तुमच्या कंपनीला विचारा, अख्खा डोंगर उकरलात, त्यात एक संडास बसत नाही?”

ह्यांना हसू आलं. “बघू पुढच्या सुट्टीत,” म्हणाले आणि भात कालवायला लागले.

पुढच्या सुट्टीची वेळच आली नाही. चालत्या डंपरमध्ये ह्यांची डावी बाजू गेली. तशातही गाडी कडेला घेऊन उभी केली म्हणे, मागच्यांची वाट अडू नये म्हणून. उंट थांबला हे बघून रेडिओवर नेहमीचा प्रश्न आला, पोट बिघडलं का. सगळे नेहमीसारखे खिदळले. हसणं संपल्यावर कोणीतरी शिडी चढून वर गेलं. हे मला त्यांच्याच एका दोस्ताने सांगितलं, मान खाली घालून. तोही हसला होता.

कंपनीने कानांवर हात ठेवले. आमच्याकडे तपासणीत फिट होते, म्हणाले. घरात माणूस निरोगी असतो आणि तुमच्याकडे जाऊन मोडतो, हे मी फोनवर तीन वेळा सांगितलं. तिकडून मला शांत व्हायला सांगितलं.

डॉक्टर तर आणखी वरचढ. “डंपर चालवायचे? अहो, मग दुसरी गोळी दिली असती. लघवी न होणारी.”

“कधी विचारलंत, काय काम करता म्हणून?”

ते पुढच्या पेशंटला आत बोलवायला लागले.

आता हे घरी, खिडकीजवळच्या पलंगावर. ती दुसरी गोळी रोज घेतात. संडास दाराबाहेर चार पावलांवर आहे, मी दिवसभर हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरी हा माणूस हाक मारत नाही. दात आवळून पडून राहतो. कपाळावरचा घाम बघून मलाच ओळखावं लागतं. काल पुन्हा तेच.

“सांगायला काय होतं तुम्हाला?”

“तू कामात होतीस,” जड जिभेने म्हणाले.

इतका राग आला, इतका राग आला की रडूच फुटलं. त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढून उभं केलं.

“चला,” म्हटलं. “मागे एकही गाडी उभी नाहीये.”