रातपाळीची सकाळ

रात्रभर कापडाचा लूम चालवून सकाळी एकटाच थेट ओपीडीत आलेल्या माणसाला मी विचारलं, "सकाळी बोटं आखडतात का?" तो "नाही साहेब, मोकळी असतात" म्हणाला, आणि तुम्हाला संधिवात नाही असं सांगून मी त्याला घरी पाठवलं.

नवशिक्यानं हे केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी अॅलर्जी आणि संधिवाताच्या विभागात चांगला मुरलो होतो. माझ्या संशोधनाचा विषयच मुळी सकाळी आखडणारे सांधे. त्यावर मी कोणालाही, कोणी न विचारता, अर्धा तास ऐकवू शकायचो. शिवाय विभागात मराठी बोलणारा मी एकटाच. डिंडोली-पांडेसऱ्याकडच्या मराठी कामगार वस्तीतलं कोणी आलं की सिस्टर हाक मारायच्या, "तुमचे गाववाले आले!" वडील बँकेत, माझा जन्म सुरतेतला, गाव पाहिलं ते नातेवाइकांच्या लग्नापुरतं. तरी छाती फुगायचीच.

त्याची बोटं दाबली तेव्हा थोडी दुखली होती. मी म्हटलं, "कामाचा ताण आहे. हातांना आराम द्या." लूमवाल्याला हातांना आराम! तो सभ्यपणे "हो साहेब" म्हणाला आणि त्या रात्री पुन्हा कामावर गेला.

पुढच्या खेपेला बायको त्याला घेऊन आली. घेऊन म्हणजे ओढून.

"धागा तुटला तर यांना गाठ मारायला लई वेळ लागतो," ती म्हणाली. "शेठ म्हणतो, दिवाळीनंतर दुसरा माणूस बघतो. हे म्हणतात, गावाला जाऊ. गावाला काय ठेवलंय? पोरं इथल्या शाळेत."

"पण सकाळी बोटं मोकळी असतात ना?" मी मुद्दा सोडला नाही.

"राहतीलच ना मोकळी! रातभर काम करून येतात. मग झोपतात. संध्याकाळी उठतात तेव्हा बघा, चहाचा कप धरता येत नाही. शर्टाची बटणं मी लावते."

नवरा खाली बघत पुटपुटला, "साहेबांनी सकाळचं विचारलं होतं." जणू चूक त्याचीच.

मी विभागप्रमुख मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लक्षण चांगलं नसतं. "भाई, आ सुरत छे. अहीं बधानी सवार एक टाइमे नथी थती." सवार म्हणजे सकाळ, एवढं गुजराती मला जन्मापासून येतं. पण इथे सगळ्यांची सकाळ एकाच वेळी होत नाही, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

मॅडमनी त्याला दुसऱ्या दिवशी, झोपून उठल्या उठल्या, संध्याकाळी बोलावलं. बोटांची पेरं सुजलेली, मूठ अर्धीच मिटत होती. रक्ताच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. संधिवातच. "अजून सांधे वाकडे झालेले नाहीत," मॅडम त्या दोघांना हिंदीतून म्हणाल्या. "आता औषध नीट घेतलं तर होणारही नाहीत." आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली. ती रोज घ्यायची नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी बायकोच माझ्यासोबत म्हणायला लागली.

माझ्या संशोधनाचं म्हणाल, तर रातपाळीवाल्या प्रत्येक पेशंटला फोन करून मी पुन्हा विचारलं, "झोपून उठल्यावर बोटं आखडतात का?" बरेच जण म्हणाले, हो. एकानं तर, आता ही चौकशी कशाला, म्हणून मलाच झापलं.

दिवाळी होऊन गेली. शेठनं दुसरा माणूस बघितला नाही. थंडीत दोघं पुन्हा आले, तेही संध्याकाळी, तो नुकताच उठलेला. मी माझी दोन बोटं पुढे केली. "दाबा. अगदी जोर लावून."

त्यानं दाबली. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावले. तो घाबरून हात मागे घेऊन "सॉरी साहेब, सॉरी" करायला लागला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. माझी बोटं ठणकत होती, पण इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

"बघा," मी बोटं चोळत ऐटीत म्हणालो, "आपला इलाज कसा लागू पडला!"

"गोळी चांगली आहे, साहेब," ती म्हणाली. "तुमच्याकडे मात्र कोणी एकट्यानं येऊ नये."